ऐंशीला प्लग काढणारे काका

आमच्या समोरच्या दारातल्या काकांइतकं वस्तूंना जपणारं माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरं मिळणार नाही. आणि मिळालंच, तर ते काकांनीच स्वतःचा स्पेअर म्हणून आणून ठेवलेलं असेल. चाकणच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली. मशीन बंद पडायच्या आधी तिचा सुटा भाग फळीवर हजर पाहिजे, हा तिथला धर्म. निवृत्त झाल्यावर तो धर्म त्यांनी मोशीतल्या आमच्या सोसायटीत आणला. त्यांच्या लोखंडी कपाटात नळाचे वायसर, कुकरच्या शिट्ट्या, चष्म्याच्या काड्या, पंख्याचे बेअरिंग असा सगळा ऐवज कागदात गुंडाळून, वर चिठ्ठ्या चिकटवून बसलेला असतो. काकू मूळच्या औशाकडच्या. एकदा चहाचा कप माझ्या हातात देताना म्हणाल्या, "माझी बी एक स्पेअर आणून ठिवली असंल ह्यांनी. बघा बरं कपाटात." काकांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितलं, "त्या मॉडेलचं उत्पादन बंद झालंय."

पण काकांचा खरा जीव त्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, आणि त्यातही त्याच्या बॅटरीत. वर ऐंशी, खाली वीस, हा त्यांचा नियम. ऐंशी टक्के झाले की प्लग काढायचा, वीसच्या खाली उतरू द्यायचं नाही. लॅपटॉप गादीवर ठेवायचा नाही, कारण खालची हवा कोंडते आणि बॅटरी तापते. उन्हाळ्यात तो खिडकीपासून दूर, फरशीवर पाट मांडून त्यावर विराजमान होतो. मी दमून घरी यावं आणि माझा लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेला काकांना दिसावा, की संपलंच. "अहो, जेवण झाल्यावर तुम्हाला कुणी रात्रभर भरवत बसलं तर?" असं म्हणून ते स्वतःच बटण बंद करून जातात. हा नियम त्यांनी पोटालाही लावला आहे. आमच्याकडच्या बारशाला जिलबीचा आग्रह झाला, तेव्हा ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "ऐंशीला प्लग काढला." वाढणारा बिचारा विजेची तार कुठे लोंबतेय ते बघत राहिला.

हे सगळं वेड मला बरेच दिवस नुसतं वेडच वाटत होतं. मग एका गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी दुपारी सहज त्यांच्याकडे गेलो आणि कारण कळलं. औशाला काकूंची मोठी बहीण राहते. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनंच काकूंना वाढवलं. आता ताईंचं वय झालंय आणि विसरायलाही फार होतं. त्यांच्या सुनेच्या शिवणकामाच्या दुकानाला गुरुवारी सुट्टी, म्हणून त्या दुपारी ती ताईंसमोर मोबाइल धरून बसते. इकडे काकूंना मोबाइलवरचा चेहरा नीट दिसत नाही, मोबाइलचं नेट जोडलेल्या लॅपटॉपवर मोठा दिसतो. आणि आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते तीही नेमकी गुरुवारी. त्यामुळे आठवडाभर बॅटरीची जी काही मर्जी राखली जायची, ती या एका तासासाठी. काकू औशाला जाऊ या म्हणाल्या, की काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "जाऊ की. निवांत जाऊ. ताई कुठे पळून चालल्यात?"

बॅटरी मात्र थकत चालली होती. तासाचा पाऊण तास झाला, पाऊण तासाचा अर्धा. काका निर्धास्त होते. लॅपटॉप घेतला त्याच वर्षी त्यांनी नंबर ताडून दुसरी बॅटरी आणली होती आणि सीलबंद कपाटात ठेवली होती. जुनीचा शेवटचा थेंब वापरल्याशिवाय नवी काढायची नाही, ही स्टोअरची शिस्त.

तो गुरुवार मी विसरणार नाही. ताई कितीतरी आठवडे काकूंना "बाई, तुम्ही कुणाच्या?" असंच विचारत होत्या. त्या दिवशी बघता बघता त्यांचा चेहरा बदलला, त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "चिमे, जेवलीस का गं?" काकूंनी तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला. काकांनी धावतपळत मोबाइलवरून फोन लावला, पण तोवर ताई पुन्हा "कोण बोलतंय?" वर गेल्या होत्या. काकू रडल्या नाहीत, काकांना बोलल्याही नाहीत. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि पदरानं त्याचं झाकण पुसत बसल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"याच दिवसासाठी ठेवलीये," म्हणत काकांनी कपाटातली बॅटरी काढली, सील फोडलं, बसवली. लाइट आल्यावर चार्जर लावला. तासभर वाट पाहिली, आकडा शून्यावरून हलेना. मग माझ्या गाडीवर बसून आम्ही चिंचवडला त्यांच्या ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानाचे मालक शेखभाई. त्यांनी ती बॅटरी मीटरवर लावून बघितली आणि विचारलं, "काका, कधी घेतली होती?"

"चार वर्षं झाली. पण सील आज फोडलं. एकदासुद्धा वापरलेली नाही!"

"तिथंच तर गडबड झाली ना काका. हे बेअरिंग नाय, तेल लावून ठेवलं आणि राहिलं. ही नुसती ठेवली तरी आतल्या आत उतरत जाते. पार तळाला गेली की मग उठत नाय. ठेवायचीच असंल तर निम्मी भरून ठेवायची, दोन-तीन महिन्यांनी काढून बघायची. नायतर लागंल तेव्हा ताजी घ्यायची." असं म्हणून त्यांनी नंबर आणि तारीख दाखवून नवी बॅटरी दिली. काकांनी तारीख वाचलीही नाही. परतताना स्पाइन रोडला मागून त्यांचा आवाज आला, "राव, चार वर्षं मी हिलाही निवांत जाऊ म्हणतोय." मी गाडी जरा हळू घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एक लाल टॅग मागितला. मी कंपनीत क्वालिटीला आहे, नापास मालाला आम्ही तो बांधतो. काकांनी तो कपाटातल्या त्या कोऱ्या बॅटरीला बांधला आणि कारणाच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं : वापरली नाही. रविवारी दोघं औशाला गेले. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. लॅपटॉपची नवी बॅटरी निम्मी भरून ठेवली होती. मी दर गुरुवारी ती बघायची आणि फोनवर आकडा सांगायचा, असं ठरलं.

पहिल्या गुरुवारी मी फोन केला, तर काकाच बोलत सुटले. दोन दिवस ताईंनी ओळखलंच नाही. परवा काकू त्यांच्या डोक्याला तेल लावायला बसल्या, तेव्हा ताई एकदम म्हणाल्या, "किती जोरात दाबतीस गं चिमे, लहानपणापासनं अशीच हाईस तू." मागून दोन बायकांचं हसणं ऐकू येत होतं. आकडा विचारायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, "काका, बॅटरी पन्नासवर आहे."

"असू द्या हो," ते म्हणाले. "लॅपटॉप घेऊन जा तुमच्याकडे. वापरा. नुसता ठेवू नका."

ज्या लॅपटॉपला ते मला बोटही लावू देत नसत, तो मी उचलून घरी आणला. समोरचं दार अजून बंदच आहे. चार्जर लावलेला असला की मी अधूनमधून आकडा बघतो आणि ऐंशी झाले की उठून प्लग काढतो.