दोन पाट्यांचं लिंबाचं झाड

टेकडी एका दिवसात झाली. अडलं ते झाडांपाशी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरमध्ये माळीवाड्याच्या बाजूला दाजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. मी चित्रकलेची पदविका घेऊन शाळेतल्या नोकरीची वाट बघत होते. घरी बसण्यापेक्षा इथे ये, म्हणून दाजींनी मला नव्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. कॅसेटच्या सुरुवातीला नवरानवरीची नावं गिरक्या घेत पडद्यावर यायची, ती मी करायची. सॉफ्टवेअरबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ते डिक्शनरी घेऊन वाचत बसे. अक्षरं फिरवण्यापलीकडे त्यात पुष्कळ काही होतं: डोंगर, पाणी, उजेड, धुकं. हे सगळं कशासाठी लागतं, आणि नगरमध्ये कोणाला लागणार, असं मला वाटायचं.

ते लागलं एका इंजिनिअर साहेबांना. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत ते होते. पुतण्याच्या लग्नाची कॅसेट न्यायला आले आणि नावांच्या गिरक्या बघून तिथेच थांबले. अक्षरं फिरतात तशी टेकडी फिरवता येईल का, असं त्यांनी विचारलं. गावामागची टेकडी पार उघडी पडली होती. तिथे चर खोदायचे, बांध घालायचे आणि काही वर्षं चराई आणि कुऱ्हाड बंद ठेवायची, असा त्यांचा बेत होता. पण शेळ्या असलेल्या माणसाला चराई बंद कर म्हणणं सोपं नव्हतं. शिवाय अर्धं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचं, म्हणून त्याआधीच गावसभा घ्यायला हवी होती. नकाशे त्यांनी दाखवून झाले होते. आता पुढे टेकडी कशी दिसेल, ते लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं होतं.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणाले. झाड करायला काय लागतं याची मला काहीच कल्पना नव्हती, म्हणूनच मी हो म्हणू शकले.

मी चित्रकलेत शिकलेल्या रीतीने सुरुवात केली. आधी खोड, मग फांद्या, मग डहाळ्या, मग एकेक पान. प्रत्येक पान म्हणजे दोन छोटे त्रिकोण. झाड झालं तेव्हा ते इतकं देखणं दिसत होतं की बहिणीला दुकानात बोलावून मी ते दाखवलं. मग त्याच्या प्रती काढून टेकडीवर ठेवायला लागले. थोड्या प्रती झाल्या आणि कॉम्प्युटर घरघरायला लागला. माऊस हलवला तर बाण बऱ्याच वेळाने हलायचा. एक चित्र तयार व्हायला सांगून मी जेवायला गेले, परत आले, तरी वरचं आभाळच तेवढं उमटलं होतं. व्हिडिओला एका सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात. दाजींनी मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाले, "या गतीनं खरी झाडं आधी मोठी होतील."

त्यांना गंमत वाटत होती. मला मात्र एक प्रश्न पडला होता आणि तो सुटत नव्हता. माझी नजर एवढ्या झाडांवरून क्षणात फिरते. मग ती काय बघते आणि काय सोडून देते?

टेकडीचे फोटो घ्यायला साहेबांच्या जीपमधून आम्ही गावाला गेलो, तेव्हा करंजी घाटापासूनच मी बाहेर बघत होते. साहेब योजनेबद्दल काहीबाही सांगत होते, मी हूं हूं करत होते. रस्त्याकडेच्या बाभळीची पानं दिसत होती. शेतापलीकडच्या बाभळीची पानं दिसत नव्हती, तरी ती बाभूळच आहे हे कळत होतं. कशावरून? मी डोळे किलकिले केले. पसरट आकार, आणि त्यात जागोजागी आभाळाची भोकं. लिंबाची, म्हणजे कडुलिंबाची, भोकं वेगळी, चिंचेची त्याहून वेगळी. चिंचेला तर जवळजवळ नव्हतीच. म्हणजे लांबचं झाड ओळखू यायला पानं करायची गरज नव्हती. भोकं नीट कापली की झालं.

गावात मारुतीच्या देवळासमोर एक मोठा लिंब होता. आसपास दुसरं झाड नाही, मागे मोकळं आभाळ, आणि त्या दिवशी आभाळ ढगांनी पांढरं झालेलं. दाजींचा कॅमेरा घेऊन मी लिंबाभोवती फिरत फोटो काढले. देवळाच्या पायरीवर एक म्हातारी बाई बसली होती. लिंबाचा फोटो कशाला, असं तिने विचारलं. कामाला लागतो, मी म्हणाले. तिने मान हलवली.

नगरला आल्यावर फोटो कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि तिथल्याच एका सपाट चौकोनी पाटीवर चिकटवला. त्याच मापाचं दुसरं चित्र काळ्यापांढऱ्या रंगात केलं: पांढरं असेल तिथे झाड दिसायचं, काळं असेल तिथे आरपार. पानांमधली आभाळाची भोकं मी माऊसने एकेक करून काळी केली. मनगट दुखून यायचं, पण शाळेत छाया-प्रकाश शिकताना जेवढी मजा आली नव्हती तेवढी इथे येत होती. हजारो पानांच्या जागी आता एकच चौकोन होता. चित्र तयार करायला सांगितलं आणि पाणी प्यायला उठले. परत आले तर ते होऊन गेलेलं. दाजींनी खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसले.

पुढे एकातून एक अडचण निघत गेली. पानांना पांढरी किनार दिसायची, जणू झाडाला चुना लावलाय. ती मागच्या आभाळाची होती. मग पानांचा हिरवा रंग थोडा बाहेर पसरवून कापलेली कड थोडी आत घेतली, तेव्हा ती गेली. टेकडीभोवती कॅमेरा फिरवला की झाड बारीक होत होत नुसती रेघ उरायची, कारण पाटीला जाडीच नव्हती. हे कसं सोडवावं, याचा विचार करत असताना दाजींनी शर्टाच्या खोक्यातले दोन पुठ्ठे घेतले, दोन्हींना मध्यापर्यंत खाच पाडली आणि एकमेकांत अडकवून टेबलावर उभे केले. वरून बघितलं तर फुली. कुठूनही बघा, एक तरी पुठ्ठा समोर येतोच.

"असं केलं तर?" ते म्हणाले.

तसंच केलं. जवळून बघितलं तर फसवणूक लगेच कळायची, पण जरा लांबून ते झाडच होतं. सावली मात्र झाडाची पडेना. पाटीची भोकं कॉम्प्युटर सावलीत धरत नव्हता, त्यामुळे जमिनीवर चौकोनी सावली पडायची. शेवटी मी सावल्याच बंद केल्या आणि प्रत्येक झाडाखाली एक काळपट, कडा विरलेला डाग ठेवला. मग त्या एकाच झाडाच्या प्रती टेकडीवर ठेवल्या, काही डाव्या-उजव्या उलटवल्या, काही लहान केल्या, काहींचा हिरवा पिवळसर केला. टेकडी भरली. दाजींनी ती पुन्हा पुन्हा चालवून बघितली. आता लग्नाच्या कॅसेटमध्येही नवरानवरीच्या मागे झाडं लावता येतील, असं त्यांच्या डोक्यात घोळायला लागलं होतं.

गावसभा शाळेत होती, सकाळची, कारण वीज तेव्हाच असायची. खिडक्यांना गोणपाट लावले होते. साहेबांनी जीपमधून टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि दारात दाटीवाटीने उरलेले. टेकडी दिसली तसं लोक पुढे सरकले. आपापलं शेत, ओढा, वस्ती ते बोटाने दाखवत होते. चर आले, बांध आले, मग झाडं आली.

बायकांमधून आवाज आला, "आगं, ह्यो तर आपला लिंब हाय. देवळाम्होरला."

पायरीवर बसलेली तीच म्हातारी होती. खालची डावी फांदी मोडलेली, तिथे गाठ, हे तिने उठून टीव्हीवर बोट ठेवून दाखवलं. मग सगळ्यांनाच ते दिसायला लागलं. हाही तोच, तोही तोच, फिरवलेला. मी फांदी तशीच ठेवली होती. ती कोणाच्या लक्षात येईल असं मला वाटलंच नव्हतं. हशा पिकला. मागे भिंतीला टेकून उभा असलेला एक शेळ्यांचा मालक मात्र हसला नाही.

"मंजी एकच झाड समद्या डोंगरावर चिकटिवलंय," तो म्हणाला. "मग हे खरं कसं धरायचं?"

साहेब आकडे सांगायला लागले, पण प्रश्न आकड्यांचा नव्हता, माझ्या झाडांचा होता. मी उठले. गुरुजींकडून दोन पुठ्ठे मागून घेतले, खाचा पाडल्या, एकमेकांत अडकवले आणि टीव्हीशेजारी उभे केले. झाड कसं केलं, ते पहिल्यापासून सांगितलं: पानं केली तर यंत्र बसतं, म्हणून फोटो, फोटो सपाट, म्हणून दोन, आणि गावात फोटो काढण्याजोगं मोकळं उभं झाड एकच होतं, म्हणून सगळीकडे तेच. हे झालेलं नाही, होऊ शकतं एवढंच दाखवलंय, असंही सांगितलं. पुठ्ठे हातोहात फिरले. ज्याने प्रश्न विचारला होता, त्याने ते डोळ्यासमोर धरून गोल फिरवले, एक डोळा मिटून बघितले आणि शेजारच्याला दिले.

म्हातारी अजून उभीच होती. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "ह्यो लिंब माझ्या सासूनं लावल्याला. तवा तितं कायबी नव्हतं. एक आला, तर दुसरा का यायचा न्हाई?"

मग चर्चा सुरू झाली ती टेकडीची. बराच वेळ चालली, आवाजही चढले. शेवटी ठरलं ते असं, की ओढ्याकडची बाजू बंद ठेवायची आणि गावाकडची शेळ्यांना मोकळी. साहेबांना पूर्ण टेकडी हवी होती, पण जीपमध्ये बसताना ते समाधानी दिसले.

दोन पावसाळ्यांनंतर मला शाळेत नोकरी लागली होती. एका सुट्टीत पाथर्डीच्या एसटीने निघाले, फाट्यावर उतरले आणि चालत त्या टेकडीवर गेले. मोकळ्या बाजूला शेळ्या होत्या. बंद बाजूला गुडघाभर गवत, आणि त्या गवतात लिंबाची रोपं. फिल्ममध्ये झाडं वाढताना दाखवायची, म्हणून मी मोठा लिंबच आधी बारीक करून ठेवला होता आणि हळूहळू मोठा केला होता. इथे तसं एकही रोप नव्हतं. एक सरळ काडी, तिला फांद्याच नाहीत, आणि शेंड्याला छत्रीसारखा पानांचा झुबका. लहान लिंब हा मोठ्या लिंबाचं लहान रूप नव्हताच. मग याला पहिली फांदी कधी फुटते, आणि कोणत्या बाजूला? मी गवतात बसले आणि पर्समधून पेन्सिल काढली. कागद नव्हता, म्हणून एसटीच्या तिकिटाच्या मागे रोप काढायला लागले.