काट्याला लागलेला पाय

सोयाबीनच्या पोत्यांसारखं मलाही काट्यावर चढवायचं, हे माझ्या नवऱ्यानेच ठरवलं होतं. ते वरोऱ्यात एका व्यापाऱ्याच्या गोदामात तोलाईचं काम करतात. रविवारी तिथे माल येत नाही, पण किल्ली त्यांच्याकडेच असते. संध्याकाळी आम्ही तिघं जायचो. आमची चार वर्षांची पोरगी पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसायची, मी चपला काढून काट्यावर उभी राहायची आणि ते बाजूला उभे राहून आकडा मोठ्याने वाचायचे.

संशय हा माझा जुना आजार आहे. भाजीवाल्याने वरून फुकट कोथिंबीर टाकली तरी मी ती घरी येऊन उलटसुलट करून पाहते. त्यामुळे चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या वजनाचा विषय काढला, तेव्हा मी आधी त्यांच्याकडेच संशयाने पाहिलं. आम्ही गेलो होतो पोरीच्या खोकल्यासाठी. ती जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, आणि तेव्हापासून एकही हिवाळा तिने दवाखान्याशिवाय काढला नाही. बोलता बोलता मी विचारलं की दुसरं लेकरूही असंच होईल का. बाईंनी उत्तर देण्याऐवजी आम्हा दोघांना वजनकाट्यावर उभं केलं. मी फार कमी भरले, हे फार जास्त.

बाई म्हणाल्या, बाळ पोटात आल्यावर तयारीला लागायचं नसतं, त्याच्या आधीपासून लागायचं. आई आधीच फार बारीक असेल तर बाळ कमी वजनाचं होण्याची भीती वाढते. आईचं वजन फार जास्त असलं तरी वेगळे त्रास होतात. वडिलांच्या वजनाचाही संबंध असू शकतो, त्याबद्दल अजून सगळं कळलेलं नाही, पण पोट कमी केल्याने त्यांचं नुकसान काहीच नाही. "दोघांचं वजन जागेवर आलं की बाळ ठणठणीतच होईल अशी हमी मी देत नाही. शक्यता सुधारते, एवढंच."

हमी नसलेल्या गोष्टीवर माझा भरवसा कमी. बाहेर आल्यावर शेजारच्या औषधांच्या दुकानाच्या पाटीवर बाईंचं आडनाव आहे का, ते मी पाहून घेतलं. नव्हतं. डबा-पावडर काही लिहून दिली नव्हती, अंडी, डाळ, मासे, शेंगदाणे एवढंच सांगितलं होतं. मग माझा थोडा नाइलाज झाला.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं अर्धंच धरलं. "तू काडीवानी हायस, तुले खा लागंन. पण त्याचं वजन काऊन पाहून राह्यली ते डॉक्टरीन? तो का पोटात ठेवनार हाय लेकरू?" हे हसले आणि त्यांनी आणखी एक पोळी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई माझ्या ताटात अंडं वाढायला लागल्या. ज्या घरात मी कायम सगळ्यांच्या मागून, उरेल ते जेवले, तिथे अचानक मला आधी बसवायला लागले. मला ते अंडं गोड लागेना. बकऱ्याला कधी जास्त खाऊ घालतात, ते मला माहीत होतं.

खरं सांगायचं तर मला माझ्या माहेराचाही राग होता. आमचं गाव गडचिरोलीकडे, वैनगंगेच्या काठाला. बाप नदीत जाळं टाकायचा, आई मासे विकायची आणि मोठे मासे विकल्यावर उरलेल्या चिंगळ्या आम्ही खायचो. लग्नात मी जी बारीक होते ती तिथूनच. आणि दिवस राहिल्यावर आईनेच बजावलं होतं, "पोटभर नोको जेवू. लेकरू मोठं झालं का अडकते." ती मनापासून सांगत होती, तिलाही तिच्या आईने तेच सांगितलं होतं. पण पोरगी रात्री खोकायला लागली की मला त्या मनापासूनपणाचा संताप येतो.

तर रविवारचं तोलणं सुरू झालं. पहिल्या महिन्यात आकडा जागचा हलला नाही. मग हलायला लागला. थोडा थोडा, पण दर खेपेला वरच. हे घरी येऊन आकडा दारातूनच सांगायचे, सासूबाई शेजारणीला सांगायच्या आणि पाण्याच्या नळावर बायका माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहायच्या. एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "आता झालं न वजन? आता होऊ द्या."

मला ते पटेना. कारण ढगळ ब्लाऊजला आवळून लावलेल्या माझ्या पिना जिथल्या तिथे होत्या. काकणं तशीच कोपरापर्यंत वर सरकत होती. अंगात काही भरलं असतं तर ते मला आधी कळलं असतं, नळावरच्या बायकांना नंतर.

मी काट्यावर संशय घेतला. हे म्हणाले, "काटा कालच तपासला, सोन्यावानी हाय." मग मी काटा सोडून यांच्याकडे पाहायला लागले.

काट्याला हे लक्ष्मी मानतात. दसऱ्याला हळद-कुंकू, सकाळी उघडल्यावर उदबत्ती. त्यामुळे माझं वजन झाल्यावर ते वाकून काट्याला हात लावायचे आणि तो कपाळाला लावायचे, याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. भक्ती आहे, म्हटलं. पण त्या रविवारी थप्पीवरून उतरताना पोरीचा चुकून माझ्या पर्सला पाय लागला आणि तिने लगेच हात लावून कपाळाला लावला. मीच शिकवलेलं तिला. आणि माझं डोकं एकदम जागेवर आलं. असा हात आपण कधी लावतो? पाय लागल्यावर.

पोत्यांच्या तोलात गोदामांतली माणसं पायाच्या अंगठ्याने काटा दाबून काय काय करतात, हे यांनीच मला लग्नानंतर हसत हसत सांगितलं होतं.

मी काट्यावर चढले आणि म्हटलं, "तुमी दाराजवळ जा."

"काऊन?"

"जा म्हटलं न."

ते गेले. आकडा खाली आला आणि पहिल्या महिन्यात होता तिथेच जवळपास येऊन थांबला.

मी ओरडले नाही, एवढं मला आठवतं. ते दारातूनच बोलायला लागले. "माय रोज विचारते. तुले बोलू नये तिनं, म्हणून केलं. तुयासाठीच." असेल तसंही. पण त्यांना स्वतःला घाई नव्हती का, हा संशय माझा तेव्हाही गेला नाही आणि आजही पुरता गेलेला नाही.

"अन् लेकरू झाल्यावर त्याले तोलतीन तवा?" मी विचारलं. "दवाखान्यात त्याच्या काट्यालेही पाय लावान काय?"

मी खाली उतरले आणि त्यांना वर चढायला सांगितलं. एवढ्या महिन्यांत ते एकदाही चढले नव्हते, आणि कुणी त्यांना विचारलंही नव्हतं. चढले. चंद्रपूरला भरले होते त्यापेक्षा जास्तच भरले. उतरताना सवयीने काट्याला हात लावायला वाकले आणि मध्येच थांबले. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा रागही आला.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, "मले बी."

त्यांनी तिला उचलून काट्यावर उभं केलं. मग स्वतःहूनच मागे मागे सरकत पार दारापर्यंत गेले, दोन्ही हात पाठीशी बांधून. पोरगी खोकली, आकडा जरासा थरथरला आणि थांबला. मी तो पाहिला. चार वर्षांच्या पोरीला तो फारच कमी होता.

"किती?" त्यांनी दारातून विचारलं.

"दुरून काऊन विचारता?" मी म्हटलं. "इथी या अन् तुमच्या डोळ्यानं पाहा."