टाचेचा तुकडा

मोज्याला टाच नसेल तर त्याची पिशवी होते. हे माणसाला सांगावं लागत नाही, पण यंत्राला सांगावं लागतं, आणि मोज्यांच्या त्या कारखान्यात ते एकाच माणसाला, तिथल्या फिटरला, जमायचं. यंत्रं बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, सुटे भाग मिळत नव्हते. तेव्हा सुयांना टाचेपाशी वळवणारा पोलादी तुकडा त्या फिटरने स्वतः कानशीने घासून बनवला. एकेका यंत्रासाठी एकेक. तेव्हापासून सगळे त्यांना टाचेकर म्हणू लागले. पुढे पुढे तर कारकुनाने खरं आडनाव पुकारलं की टाचेकरच इकडेतिकडे बघायचे, हा कोण नवा माणूस आला म्हणून.

एके दिवशी मालकांनी सगळ्यांना आवारात जमवलं. मोजे आता समुद्रापलीकडून येणार होते, तिकडे मजुरी निम्मी होती. यंत्रंही तिकडच्याच कारखान्याला विकली होती. मोजे तिकडचे, यंत्रं तिकडची, इकडे उरले नुसते पाय.

टाचेकरांना मात्र आणखी काही दिवस ठेवून घेतलं. तिकडून एक फिटर यायचा होता, त्याला सगळी यंत्रं नीट खोलून द्यायची होती. तो येण्याच्या आदल्या दिवशी रंगखात्यातला जुना सोबती, रंगारी, त्यांच्यापाशी येऊन बसला.

"टाचेकर, तुमचे तुकडे तेवढे काढून ठेवा. बसू दे लेकाच्यांना पिशव्या विणत. हात टेकले की येतील परत इथंच."

टाचेकरांनी तुकडे काढून रुमालात बांधले. एरवी साधा खिळाही घरी न नेणारा माणूस. पण पोटावर पाय आला की साधूलाही राग येतो.

पाहुणा आला. त्यांच्याच वयाचा, सदऱ्याची कॉलर उलटून पुन्हा शिवलेली. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, म्हणून बोलायचं ते पाहुण्याच्या फोनमधल्या बाईच्या तोंडून. ही बाई तिकडचं इकडे करून सांगायची, पण कुणी रडत असलं तरी बातम्या दिल्यासारखी बोलायची. दोघांनी मिळून यंत्रं खोलली, भागांवर रंगाने आकडे घातले, एकाच डब्यातून जेवले. मग एका दुपारी पाहुण्याचं बोट टाचेच्या रिकाम्या जागेपाशी थांबलं.

"इथे काहीतरी होतं," फोनमधली बाई म्हणाली.

टाचेकर हातातला पान्हा पुसू लागले. पाहुणा फोनशी बराच वेळ बोलला. बाईने सांगितलं, "माझ्या घरी हातमाग होते. बाहेरून स्वस्त कापड आलं आणि ते बंद पडले. म्हातारपणी हे काम शिकलो. यंत्रं चालली नाहीत तर मला काढून टाकतील."

टाचेकर उठले, कपाटातून रुमाल आणला आणि प्रत्येक तुकडा कसा बसतो ते त्याला दाखवलं.

रंगाऱ्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," असं तो चहाच्या टपरीवर त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. खरं विचाराल तर त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचीही चूल बंद पडली होती. टाचेकर दुसऱ्या टपरीवर चहा पिऊ लागले.

काही वर्षं गेली. टाचेकर आता एका शाळेत पंप आणि दारंखिडक्या दुरुस्त करायचे. एका संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर पाहुणा. केस पार पांढरे झालेले, मागे तीच यंत्रं, सगळी खोललेली.

"आमचा कारखाना बंद झाला," फोनमधली बाई म्हणाली. "यंत्रं पुढच्या देशात चालली आहेत. तिथे मजुरी आमच्याहून कमी आहे."

"आणि तुकडे?" टाचेकरांनी विचारलं.

"ठेवून घ्या, असं सगळे म्हणतात. मी देणार आहे. पण मला दुसरंच विचारायचं होतं. बंद झाल्यावर तुम्ही काय केलंत?"

टाचेकरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको भांडी घासत होती, नळ चालू होता. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं ते त्यांनी हळू आवाजात सांगायला घेतलं.

"गॅरेजमध्ये काम लागलं म्हणून घरी खोटंच सांगितलं. वर्षभर रोज डबा घेऊन निघायचो आणि बसस्टँडवर बसायचो. कारखान्याने शेवटी दिलेले पैसे थोडे थोडे करून पगार म्हणून हिच्या हातात ठेवायचो. लाज वाटायची हो. तुम्ही असं करू नका. घरी पहिल्याच दिवशी सांगा."

नळ केव्हा बंद झाला ते त्यांना कळलंच नाही. बायको हात पुसत येऊन शेजारी बसली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "गॅरेजमधून येणाऱ्या माणसाचे हात इतके स्वच्छ नसतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच सांगाल म्हणून."

तिकडे पाहुणा कान देऊन थांबला होता. तिनेच फोन जवळ ओढला आणि फोनमधल्या बाईला नीट कळावं म्हणून सावकाश म्हणाली, "आजच घरी सांगा, भाऊ. ती वाट बघत असेल. मी वर्षभर बघत होते."