तळाचं वरण

"पोरगी गुणाची हाय, पण तोंडाला कुलूप हाय. चावी बहुतेक माहेरीच इसरली."

लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मागच्या पडवीतलं हे बोलणं माझ्या कानावर पडलं. बोलणारी सुनंदा, अंगणवाडीतली मदतनीस. ऐकणाऱ्या माझ्या सासूबाई, म्हणजे आई. त्या अंगणवाडी सेविका. त्या एवढंच म्हणाल्या, "कान उघडे हायेत ना? मग झालं."

चौलजवळच्या आमच्या या घरात कान उघडे ठेवले की पुरतं. किस्से भिजत घातलेल्या वालांसारखे आहेत. रात्री मूठभर, सकाळी पातेलंभर!

यात काळजीची गोष्ट एकच. गावभरच्या बाळांची वजनं वाढवणाऱ्या आईंच्या स्वतःच्या नातवाचा, म्हणजे माहेरी आलेल्या रूपाताईंच्या नऊ महिन्यांच्या बाळाचा काटा दोन महिने हललेला नव्हता. आई त्याबद्दल कुणाशी बोलत नव्हत्या. पण त्यांचा चहा गार होऊ लागला होता.

*

आईंचं सगळं शास्त्र एका चमच्यात मावतं. चमचा तिरका करायचा. ओघळलं तर पाणी, चिकटून राहिलं तर जेवण.

एकदा कोळीवाड्यात एका आईने कौतुकाने बाळाची वाटी दाखवली. वरणाचं वरवरचं पाणी, अगदी नितळ. आईंनी चमचा तिरका केला, सगळं ओघळलं. मग त्यांनी ती वाटी तिच्याच तोंडासमोर धरली.

"बघ, तुझं तोंड दिसतंय का? दिसतंय ना? मग हा आरसा हाय, जेवण न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात मुगाची डाळ घोटून घट्ट व्हायला लागली.

*

बाळाला सोललेल्या वालांचं चमचाभर मऊ वरण द्या म्हटलं की प्रत्येक घरातलं एक म्हातारं माणूस पोटाला हात लावतं. धर्माबापू तर होडीवरून ओरडले होते, की वालाने पोर फुगेल, मग जबाबदार कोण?

आईंनी आधी शांतपणे सगळं सांगितलं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, बोटाने चिरडतील इतके शिजवायचे, सुरुवात एका चमच्याने. बापूंचा हात पोटावरच.

"बापू, थंडीत वालाच्या शेंगांच्या पोपटीचं अख्खं मडकं तुम्ही एकटे संपवता. तेव्हा कोण जबाबदार असतं?"

बापू होडीत वाकून जाळं शोधू लागले. जाळं त्यांच्या खांद्यावर होतं.

*

मोड शब्दाची एक गंमत. मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटं देणारा एक तरुण बाप अंगणवाडीत आला. आईंनी त्याच्या बायकोला निरोप दिला होता, "उद्या मोड घेऊन ये, कसं शिजवायचं ते दाखवते." बायकोला ताप होता म्हणून हा आला आणि त्याने टेबलावर चिल्लरची पिशवी ठेवली. दिवसभर लोकांकडे मोड मागणाऱ्याला दुसरं काय सुचणार?

आईंनी पिशवी उचलून सुनंदाच्या हातात दिली. "भिजत घाल गं. बघू कोंब येतात का."

*

आईंच्या मोबाईलवर बाळांच्या शीचे फोटो येतात. का कोण जाणे, नेमके जेवणाच्या वेळी. आई एका हाताने घास घेतात, दुसऱ्या हाताने फोटो मोठा करतात.

"पिवळी, मऊ, बांधलेली. फस्क्लास!"

एकदा हे ऐकून सासऱ्यांनी पिठल्याची वाटी हळूच बाजूला सरकवली. आईंनी ती ओढून घेतली आणि पुसून संपवली. या बाईबद्दलचा माझा आदर तेव्हापासून वाढतच गेला.

*

दुपारी आई अंगणवाडीत असतात, तेव्हा जेवण रूपाताई वाढतात. फार प्रेमळ. एकदा वालांनंतर बाळ रात्रभर रडलं, तेव्हापासून त्या धास्तावल्या होत्या. डाव पातेल्यात वरवर फिरवून बाळाची वाटी भरायच्या. मग तोच डाव तळापर्यंत घालून माझ्या भातावर ओतायच्या. "वहिनी, खा गं घट्ट. नव्या नवरीच्या अंगावर जरा मांस नको?"

मी खायचे. आठवड्याच्या नव्या सुनेने नणंदेची चुगली कशी करायची? महिना झाला, दोन झाले. माझ्या ब्लाऊजची शिवण एकदा उसवून झाली.

*

परवा वजनाचा दिवस. अंगणवाडीत पंधरा-वीस आया. बाळाला झोळीत टांगलं, काटा त्याच जागी. मागे कुणीतरी पुटपुटलं, "सेविकेचाच नातू!" सुनंदा म्हणाली, नजर लागली. कुणी म्हणालं, दात येतायत. रूपाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आईंनी पेन उचललं, पण वहीवर टेकवेना.

मी मागे बसले होते. उठले. सगळ्या वळून बघायला लागल्या, सुनंदा तर तोंड उघडं टाकून.

"आई, वरणाचं वरचं पाणी बाळाला मिळतं आणि तळाचं घट्ट वरण रोज माझ्या ताटात येतं. या झोळीत मला बसवा, काटा हलेल."