लोंबी ठेवलेलं पान

काकांचा फोन आला तेव्हा मी साकोलीला शाळेत शिकवत होते. "तुई काकू गेली, बेटा," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. चार दिवसांचा ताप, आणि... महिना झाला, तरी ते वाक्य कानातून जात नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी काकू लग्न होऊन तुमसरला आली. ती बारावी शिकलेली, काका चौथीत शाळा सोडून राईस मिलमध्ये लागलेले. पहिल्याच महिन्यात ती त्यांना पुस्तक वाचून दाखवू लागली. रोज संध्याकाळी चहा झाला की काकू खुर्चीत पुस्तक घेऊन बसायची आणि काका खाली सुपात तांदूळ निवडत बसायचे. शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या. "वाचणारीचे हात रिकामे पायजेत ना," काका म्हणायचे आणि आणखी मूठभर तांदूळ सुपात ओढायचे. सूप संपलं की वाचन थांबायचं. काकू पानात धानाची लोंबी ठेवायची, मग पुढे काय होईल यावर दोघं तावातावाने भांडायची. एकट्याने पुढचं पान उघडायचं नाही, हा त्या घरचा कायदा होता.

तो मी मोडला. दिवाळीत गेले तेव्हा मीच भेट दिलेली कादंबरी चालू होती. नवरा घर सोडून गेलाय, बायको वाट पाहतेय. काकू स्वयंपाकघरात होती, आणि मी शहाणपणा पाजळत काकांना सांगून टाकलं, "तो परत येतच नाही हो!" काकांचा सुपातला हात थांबला. मी मात्र चिवडा खात बसले.

पुढचं मला परवा तुमसरला गेले तेव्हा काकांकडून कळलं. वाचन थांबलं की काकू विचारायची, "येईन का हो तो वापस?" काकांना खोटं बोलता येईना, ते गप्प बसायचे. "तुमचं मन नाही लागून राहिलं आता," म्हणत तिने एक दिवस पुस्तक मिटलं, ते पुन्हा उघडलंच नाही. नवरा आपल्या वाचण्याला कंटाळला असं मनात घेऊन माझी काकू गेली, आणि ते माझ्या जिभेमुळे. याची क्षमा आता कुणाकडे मागू?

"तिले काहून नाही सांगतलं, काका?"

"तिचं पुस्तक नासलं असतं. वाटलं, रुसली आहे, उघडन चार दिवसानं..."

मी फळीवरून पुस्तक काढलं. लोंबी तिथेच होती. "उरलेलं वाचून दाखवू?"

"तुले माईत आहे, मलेही माईत आहे. जिले माईत नव्हतं, तीच गेली."

मी पुस्तक जागेवर ठेवलं. चहा झाला तसं काकांनी सवयीने सूप पुढे ओढलं. मीही शेजारी बसून तांदळात हात घातला. एकही खडा नव्हता. मिलमधून तांदूळ नेहमी निवडूनच यायचे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काका निवडत राहिले.