कंटेनरमधलं ध्यान

आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर मधेच ठसका लागेल आणि दोष मला द्याल. माझी जी फजिती झाली ती इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींना अर्धीमुर्धी ठाऊक आहे. अर्धी ऐकली की मी फारच बावळट वाटतो. म्हणून आज पूर्ण सांगतो.

रिटायर झाल्यावर मी जरा चिडचिडा झालो होतो. म्हणजे असं वसुधा म्हणायची, माझी बायको. मला विचाराल तर मी फक्त बातम्या बघताना टीव्हीशी भांडत होतो, आणि शेजाऱ्याने पानं उडवायचं मशीन सुरू केलं की खिडकीतून त्याच्याशी. शेवटी तिने परस्पर माझं नाव एका शिबिरात घातलं. मौन पाळून हळूहळू चालायचं. चालतं ध्यान म्हणतात म्हणे त्याला.

"आणि हे बघा," ती म्हणाली, "पिकलबॉल खेळणं सोडलंत. तबला सोडलात. पोहणं तर पाण्यात पाय घालून सोडलंत. हे तरी शेवटपर्यंत करून या. मला या घरात दिवसभर तुमच्याबरोबर राहायचंय."

हे शेवटचं वाक्य तिने ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज ऐकून मी मुकाट गाडीची किल्ली उचलली.

शनिवारी सकाळी रस्ता सांगणारी फोनवरची बाई मला एका बिझनेस पार्कमध्ये घेऊन गेली, 'पोहोचलात' म्हणाली आणि गप्प झाली. समोर एकसारख्या इमारती, एकसारखी दारं. शिबिर मागच्या बाजूला आहे एवढं वसुधाने सांगितलं होतं. मागे गेलो तर मोकळ्या जागेत एक लोखंडी कंटेनर, जहाजावर असतो तसला. त्याच्यापाशी गळ्यात हेडफोन अडकवलेली एक मुलगी उभी. चेहरा आपल्याकडचा, पण उच्चार पक्के इथले.

"हाय अंकल, चालायला आलात ना?" तिने इंग्रजीत विचारलं.

"हो."

"ग्रेट. फोन बंद करा. आत गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही. हळूहळू चालत राहायचं. मी पत्र्यावर एकदा ठोकलं की सुरू, दोनदा ठोकलं की थांबायचं."

आता तुम्हीच सांगा, यात शंका घ्यायला जागा कुठे होती?

दाराशी दुसरी एक मुलगी ब्रश आणि रंगाच्या डब्या घेऊन बसली होती. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, डोळ्यांखाली निरखून पाहिलं आणि हेडफोनवालीला म्हणाली, "यांना काही लावायची गरज नाही. हे असेच चालतील."

मला बरं वाटलं. म्हटलं, आपल्या चेहऱ्यावर मुळातच शांती आहे, घरच्यांना दिसत नाही एवढंच.

आत अंधुक उजेड होता आणि माणसं खच्चून भरलेली. सगळ्यांचे चेहरे राखेने माखलेले. काहींचे कपडे फाटके, ओठांच्या कडेने लाल ओघळ. मी थोडा थबकलो, नाही असं नाही. पण अमेरिकेत इतकी वर्षं काढल्यावर माणूस योगाच्या बाबतीत कशालाही चकित होत नाही. इथे लोक बकऱ्या अंगाखांद्यावर घेऊन आसनं करतात. हे त्या मानाने सात्त्विकच वाटलं. राख म्हणजे भस्म. फाटके कपडे म्हणजे वैराग्य. लाल ओघळ म्हणजे... बिटाचा रस असेल, रिकाम्या पोटी चांगला असतो. कोपऱ्यात स्टँडवर एक फोन लावलेला होता, तो ऑनलाइनवाल्यांसाठी, हेही मीच ठरवून टाकलं.

पत्र्यावर ठोका पडला आणि सगळे चालायला लागले. माना कलत्या, हात लोंबते, नजर शून्यात. काय एकाग्रता होती एकेकाची! मीही मान कलती केली. शेजारी केव्हिन नावाचा एक धिप्पाड दाढीवाला होता. नाव शर्टावर होतं, अर्धा शर्ट मात्र नव्हता. त्याने माझ्याकडे तोंड करून घशातून गुरगुर केली. मला वाटलं, श्वासाचा प्रकार आहे. मी बेंबीपासून ओंकार लावला. कंटेनर घुमला.

दोन ठोके पडले. हेडफोनवाली धावत आत आली. "अंकल, तो आवाज! अंगावर काटा आला. परत कराल?"

मी मौनात असल्यामुळे नुसते हात जोडले. ती केव्हिनला म्हणाली, "बघ, हे ब्रेकमध्येसुद्धा भूमिका सोडत नाहीत."

भूमिका? मला वाटलं, आध्यात्मिक भूमिका म्हणत असेल.

असं बराच वेळ चाललं. आत प्रचंड उकडत होतं, कुणीतरी सारखं माझ्या पायावर पाय देत होतं, आणि हे ध्यान नेमकं कुठे पोहोचवणार ते कळत नव्हतं. तीनदा तरी निघून जावंसं वाटलं. पण वसुधाचा आवाज आठवला की पाय आपोआप चालायचे.

मग एक तरुण मुलगी आत आली. दार बाहेरून बंद झालं. ठोका पडला. ती मुलगी कोपऱ्यात गेली, भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. आणि बाकीचे काय करतायत? तसेच लोंबत्या हातांनी तिच्या दिशेने सरकतायत! मौनात साठलेलं बाहेर पडतं, लोक रडतात, हे मी वाचलं होतं. पण पोर एवढी रडतेय आणि एकालाही तिची विचारपूस करावीशी वाटू नये?

माझ्याच्याने राहवेना. केव्हिनला बाजूला सारून मी पुढे झालो, तिच्याजवळ बसलो आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणालो, "रडू नको गं बाळा. घरी कुणी काही बोललं का?"

ती रडायची थांबली. सगळे थांबले. दार उघडलं.

"काका," हेडफोनवाली आता मराठीत बोलत होती, अडखळत, "तुम्ही काय करताय? दॅट वॉज माय क्लायमॅक्स."

"अगं, पण हे शिबिर..."

"कसलं शिबिर? ही झोंबी फिल्म आहे."

"झोंबी म्हणजे?"

"मेलेली माणसं. चालतात. लोकांना खातात."

मी केव्हिनकडे पाहिलं. त्याने राख लावलेल्या चेहऱ्याने मला प्रेमाने हात हलवला.

हेडफोनवालीचं नाव अन्वी. नोकरी सोडून पहिली फिल्म करत होती. पैसे नाहीत, म्हणून पूर्ण फिल्म एका कंटेनरमध्ये, आणि तो कंटेनर दुपारी परत न्यायला ट्रक येणार होता. तिचे डोळे भरून आलेले पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "परत घे. आता मला कळलंय, चांगलं करतो."

तिथेच चुकलं. आपण मेलेलो आहोत हे कळल्यावर मला मरता येईना. हात वर केले, दात विचकले, डोळे फिरवले. रडणारी मुलगी हसायला लागली.

"काका," अन्वी काकुळतीला येऊन म्हणाली, "मघाशी करत होता ना, तसंच करा."

"मघाशी मी ध्यान करत होतो."

"मग तेच करा, प्लीज."

डोळे मिटून मनातल्या मनात ओंकार लावला, सगळं विसरलो आणि चाललो. ट्रक यायच्या आत सीन झाला. अन्वीने मला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट शेवटपर्यंत करून घरी गेलो.

पुढच्या शनिवारी खऱ्या शिबिराला गेलो. ते कंटेनर होता त्या जागेच्या शेजारच्याच दारात होतं. शिकवणारी लिंडा, पांढऱ्या केसांची शांत बाई. म्हणाली, मन मोकळं सोडा आणि चाला. मी सराईतासारखी मान कलती केली, हात सोडले आणि निघालो. एक फेरीही पूर्ण झाली नसेल, लिंडाने मला खुर्चीत बसवलं आणि अॅम्ब्युलन्स बोलावली. तिला वाटलं, मला अर्धांगाचा झटका आला.

अॅम्ब्युलन्समधल्या पोराने सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. तो बुचकळ्यात पडला. त्याने माझ्यासमोर वसुधाला फोन लावला, स्पीकरवर, आणि माझी कलती मान, लोंबते हात, शून्य नजर यांचं नीट वर्णन करून विचारलं, "मॅडम, हे तुमच्या मिस्टरांसाठी नवीन आहे का?"

"छे," वसुधा म्हणाली, "पहिला चहा होईपर्यंत ते रोज असेच असतात."