ट्रेनसारखा गाणारा मेकोपोडा

किड्यांवर काम करणारी माणसं चहाला जमली की दहा मिनिटांत किडे बाजूला राहतात आणि किस्से सुरू होतात. दौंडच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागातही तेच. त्यात आमचा किडा मेकोपोडा! झुडपात राहणारा, लांब मिशांचा, वाळक्या पानासारखा दिसणारा नाकतोडा. याचे प्रकार दिसायला इतके सारखे, की ओळखायचे ते आवाजावरून. एक हेलिकॉप्टरसारखा घरघरतो, एक ट्रेनसारखा धडधडतो.

*

नवे प्रिन्सिपॉल विभाग बघायला आले. त्यांनी विचारलं, "गातात फक्त नर. मग माद्या कशा ओळखता?"

आमच्या एचओडी मॅडम म्हणाल्या, "त्या कुणाच्या गाण्यामागे जातात ते बघतो, सर!"

सरांनी बाहेर जाऊन लगेच घरी फोन लावला. त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं.

*

रोहिणी ही आमच्या एचओडी मॅडमची पीएचडीची विद्यार्थिनी. तिला ट्रेनवाला हवा होता, आणि शोधायचा कुठे, तर दौंड जंक्शनजवळ! पहिलं रेकॉर्डिंग तिनं मोठ्या हौसेनं लावलं. धडधड, धडधड... आणि मग अनाउन्समेंट.

मॅडम म्हणाल्या, "छान. प्लॅटफॉर्म नंबर पण लिहून ठेव!"

*

मी शिरूरचा. घरी चार हेलिकॉप्टरवाले पाळलेत आणि आई त्यांना रोज काकडी घालते. एकदा मामा जेवायला आले, तर कोशिंबिरीला काकडीच नाही.

मामा चिडले, "पाव्हणं कोन, आमी का ते?"

आई म्हणाली, "तू उद्या जाशील. त्यांना हितंच ऱ्हायचंय!"

*

वरवंडला कुंपणाशी माइक धरून बसलो होतो. शेतमालक आबा आले.

"काय चाललंय?"

"किड्याचं ऐकतोय, आबा."

"आमच्यात मान्साचं कुनी ऐकत न्हाई, आन् तुमी किड्याचं ऐकाया गाडी करून आला व्हय!"

*

त्याच कुंपणात रोहिणीला खरा ट्रेनवाला सापडला. जाळीच्या पिंजऱ्यात घालून तिनं तो घरी नेला. मॅडमचा नियम कडक. आवाज रेकॉर्ड झाला की किडा स्पिरिटच्या बाटलीत. नमुना नाही, तर प्रबंधातला चॅप्टर नाही. पण रोहिणी रोज नवं कारण सांगायची. शेवटी मॅडम वैतागल्या, "मीच येते घरी!" एका संध्याकाळी बाटली घेऊन निघाल्या, सोबत मी.

रोहिणीचे सासरे आप्पा, रिटायर्ड रेल्वे गार्ड. क्वार्टर सोडून रुळांपासून लांब नव्या घरात आल्यापासून त्यांची झोप उडाली होती. माणूस पार वाळला होता. बघून वाईट वाटायचं.

आम्ही गेलो तर आप्पा खुर्चीत गाढ झोपलेले! शेजारी पिंजऱ्यात मेकोपोडा धडधडत होता.

"हा आल्यापासून झोपायला लागलेत, मॅडम," रोहिणी कुजबुजली.

"आणि चॅप्टर? दुसरा नाही मिळाला तर काय करशील?" मॅडमनी पिंजरा उचलला. किडा गप्प झाला.

आप्पा दचकून जागे झाले. "का थांबली? सिग्नल न्हाई का?"

मॅडमनी पिंजरा हळूच जागेवर ठेवला आणि बाटली पर्समध्ये टाकली.

"मिळतोय, आप्पा," त्या म्हणाल्या. "झोपा तुम्ही."